मावशींचे गुण

“अगं, आईच्या खोलीतही एक कॅमेरा लावून घे,” नणंदबाई म्हणाल्या होत्या. मी हसण्यावारी नेलं. “ताई, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कोण पळवून नेणार आहे?”

माझा सगळा जीव लेकीत अडकलेला. ऑफिसातून सारखी फोनवर तिची खोली बघायचे. पण दिवसभर तिला आणि सासूबाईंना सांभाळणाऱ्या मावशी म्हणजे सोनं. लेक पडली तर तिच्याआधी यांच्या डोळ्यांत पाणी. लेकही बाहुलीला थोपटताना हुबेहूब मावशींच्या सुरात म्हणायची, “माजं पिल्लू गं ते!”

“तुझ्याऐवजी मावशींचे गुण घेतेय, हे बरंय,” नवरा चिडवायचा.

परवा मावशींची सुट्टी होती, म्हणून सासूबाईंना मीच भरवत होते. आजारपणात त्यांची वाचा गेलेली, घासही तोंडात घोळत राहतो. लेक पलंगाला धरून बघत होती. घास रेंगाळला तशी तिने फ्रॉक कमरेशी खोचला, आजीची बाही वर सारली आणि दंडाला कचकन चिमटा काढला.

“गीळ मेले!” ती बोबडं खेकसली. सूर हुबेहूब मावशींचा.

मी लेकीला ओढेपर्यंत सासूबाईंनी घाईघाईने घास गिळला होता आणि पुढच्या घासासाठी मुकाट्याने तोंड उघडलं होतं.



तुमच्या घरात कुणाला बोलता येत नसेल, तर आज एकदा त्यांची बाही वर करून बघाल का?