दुसरीच्या वर्गातल्या उवा

आईच्या मायेपुढे कुठलंही संकट टिकत नाही. उवा टिकतात. हेमलता दर रविवारी दुसरीतल्या गार्गीचं डोकं मांडीवर घेऊन लिखासुद्धा वेचून काढायची, आणि बुधवारी पोर पुन्हा कराकरा खाजवत घरी यायची.

मग दळवीबाईंनी गार्गीला एकटीला मागच्या बाकावर बसवलं. वर भर वर्गात विचारलं, “आईला वेळ नसतो वाटतं तुझ्या?” हेमलता पेटली. दुसऱ्या दिवशी ती भांडायलाच शाळेत गेली. प्रार्थनेआधी मुलींची रांग लागली होती आणि दळवीबाई टापटिपीसाठी एकेकीचे केस शाळेच्या फणीने विंचरत होत्या. गार्गीच्या डोक्यातून निघालेली फणी तशीच पुढच्या मुलीच्या डोक्यात शिरली.

“अहो, सगळ्यांना एकच फणी? आणि वर माझ्या पोरीलाच वाळीत टाकता?”

“हे बघा, गार्गीच्या आई, आवाज खाली,” बाई म्हणाल्या. “मी मुलींमध्ये भेदभाव करत नाही.”

हेमलता तणतणत मुख्याध्यापकांकडे गेली. त्यांनी गार्गीला पुढच्या बाकावर बसवलं, बाईंना समज दिली, फणी कचऱ्यात टाकली. सोमवारी शाळेने नवी फणी आणली. एकच.