हैयान

फिलिपिन्सजवळच्या ज्या वादळात देवरावांचं जहाज बुडालं, त्याचं नाव हैयान. सिंधूताईंनी नवऱ्याचं नाव कधी तोंडाने घेतलं नव्हतं, पण हे परकं नाव त्यांना पाठ झालं होतं. देह काही मिळाला नाही, म्हणून इतक्या वर्षांत भिंतीवरच्या फोटोला त्यांनी हारही घालू दिला नव्हता.

दीक्षाभूमी पाहायला आलेल्या चिनी मैत्रिणीला प्रीतीने घरी जेवायला आणलं, तेव्हा तिची ओळख नुसती "पाहुणी" अशीच करून दिली.

"नाव काय वं हिचं?"

"आई, आधी जेवू दे ना तिले. भूक लागून राहिली तिले."

सिंधूताईंनी मग सरळ पाहुणीलाच विचारलं, "बेटा, नाम क्या है?"

एवढी हिंदी पाहुणीला कळत होती. छातीवर हात ठेवून ती हसत म्हणाली, "हैयान."

भात वाढता वाढता सिंधूताईंचा हात थांबला. "पोरीचं नाव असं ठेवते का वं कोणी?"

प्रीतीने घाईघाईने पाहुणीला अर्थ विचारला आणि आईला सांगितला. "त्यांच्याकडे मुलींचं नाव असते हे. समुद्रावरचा लहानसा पक्षी आहे तो. वादळ यायच्या आधी जहाजावरच्या लोकायले सांगून जाते म्हणतात."

सिंधूताईंनी फोटोकडे पाहिलं. थांबलेला भात पाहुणीच्या ताटात वाढला आणि तिच्या गालावरून हात फिरवला.

 

"मग ह्यायले काहून नाही सांगितलं वं, माय?"