शेवट बारा तारांवर

"बारा तारांची आहे, काका. कालच आली. हात लावून जुवो ने," दुकानातला धवल गुजराती ढंगात म्हणाला आणि खिळ्यावरची गिटार उतरवून त्याने दिनकररावांच्या हातात दिली.

दिनकररावांनी ती दोन्ही हातांनी छातीशी धरली. फतेगंजमधल्या या दुकानात ते बायकोबरोबर रिक्षा मिळेपर्यंत सावलीला म्हणून शिरले होते, आणि समोर भिंतीवर ही! पंचेचाळीस वर्षं ते हिला शोधत होते. कॉलेजात असताना होस्टेलवरच्या एका मित्राकडे अशीच होती, जुनी, मधाच्या रंगाची. तिच्यावर त्यांनी एक चाल बांधली होती. पुढे मित्र गिटारीसकट आपल्या गावी गेला.

ती चाल बायकोसाठी, निरुपमाबाईंसाठी होती. लग्नाआधी साध्या सहा तारांवर त्यांनी ती ऐकवली, पण अर्धीच. "शेवट बारा तारांवरच," असं मोठ्या ऐटीत सांगितलं. मग रिफायनरीतली नोकरी, तरसालीचं घर, मुलीचं शिक्षण, आणि शेवट राहूनच गेला. तो कागदावर कुठे उतरवलेला नव्हता. होता तो फक्त दिनकररावांच्या डोक्यात, आणि अडुसष्टाव्या वर्षी डोक्याची हमी कोण देणार?

"घेऊ या?" त्यांनी भीतभीत विचारलं.

"घ्या ना," निरुपमाबाई म्हणाल्या. कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवाल्याशी हुज्जत घालणारी ही बाई, पण आज घासाघीस म्हणून केली नाही. दिनकररावांना तिचं फार कौतुक वाटलं.

घरी खिडकीजवळचा दिवाण मोकळाच होता. निरुपमाबाई तुरीच्या शेंगा सोलायला समोर बसल्या. मोबाइल त्यांनी टीपॉयवर पालथा ठेवला.

सुरात लावायलाच तास गेला. बारा तारा म्हणजे सहा जोड्या, आणि जोडीतली एक तार दुसरीपेक्षा केसभर जरी वर गेली तरी सगळी गिटार कुरकुरते. दिनकरराव खुंट्या पिळत होते, कान लावत होते, मान हलवत होते.

"पूर्ण आवळू नका हं," बाई म्हणाल्या. "एक सूर खालीच ठेवा. बारा तारांचा ताण असतो, गिटारची मान वाकेल."

दिनकरराव हसले. आरतीतसुद्धा बेसूर होणारी ही बाई! "तुला गं कोणी सांगितलं?"

"धवल म्हणत होता मघाशी."

गिटार मोठी गुणी निघाली. आवाजाच्या भोकाखाली एके ठिकाणी वार्निश घासलं गेलं होतं. दिनकररावांची करंगळी बरोबर तिथेच टेकली. आधीच्या मालकाचीही तीच सवय असणार. त्या अनोळखी माणसाबद्दल त्यांना एकदम आपुलकी वाटली. तारा टोचतील अशी भीती होती, तीही खोटी ठरली. बोटांची टोकं चांगली घट्ट होती. रिफायनरीतल्या कामाचे घट्टे, दुसरं काय!

मग त्यांनी चाल धरली. पहिला भाग सरळ आला. दुसराही आला. बाईंचे हात शेंगांवरच थांबले. तिसऱ्या वळणावर दिनकररावांची बोटं क्षणभर पुढे झाली, दोन सूर वाजले आणि तिथेच अडली.

"उद्या," ते म्हणाले.

"उद्या नक्की," बाई म्हणाल्या आणि मोबाइल उचलून रेकॉर्डिंग थांबवलं.

दुसऱ्या दिवशी ते दोन सूरही आले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुसरा भाग गडबडला. एक तार लावून होईपर्यंत शेजारची कुठवर आणली होती तेच लक्षात राहीना. बाईंनी दुधाबरोबर गोळ्या दिल्या. गोळ्या हल्ली तीन झाल्या होत्या. वय वाढलं की गोळ्या वाढायच्याच, असं म्हणून दिनकररावांनी त्या मुकाट गिळल्या.

चौथ्या दिवशी त्यांनी गिटार दिवाणावर ठेवून दिली.

"हिची मान वाकलीय. जोड्या जुळत नाहीत. हिच्यात ती चाल नाहीच. परत देऊन टाक."

बाईंनी गिटार डोळ्यांसमोर आडवी धरून पाहिली. मान फूटपट्टीसारखी सरळ होती. त्यांनी ती हळूच दिवाणावर ठेवली.

दिनकररावांना मात्र रडू आलं. आयुष्यात या बाईला एकच वस्तू कबूल केली होती आणि तीसुद्धा देणं जमलं नाही. "आता नाही गं यायचं ते," ते म्हणाले. बाईंनी पदराने त्यांचे डोळे पुसले, स्वतःचे पुसले आणि रिक्षा बोलावली.

दुकानात धवलने गिटार घेतली आणि पुन्हा खिळ्यावर टांगली. का परत आणली, हेदेखील त्याने विचारलं नाही.

"चार दिवस," निरुपमाबाई हळूच म्हणाल्या. "पहिल्या दिवशी मागच्या खेपेपेक्षा दोन सूर पुढे गेले होते."

"सारु ने, चांगलंच की, काकी. काकांना चा पिऊ द्या जरा."

दिनकरराव बाहेर लारीवर, चहाच्या हातगाडीपाशी, चहा प्यायला थांबले. चहात आलं भरपूर होतं. रस्त्यावरून लष्कराचा एक ट्रक गेला, कॉलेजची पोरं स्कूटीवरून ओरडत गेली. हवा छान होती. ऊन जरा चढल्यासारखं वाटलं, म्हणून ते रिक्षा मिळेपर्यंत सावलीला दुकानात शिरले आणि भिंतीकडे बघत जागीच थांबले.

"अगं निरुपमा, बघ! पंचेचाळीस वर्षं शोधतोय मी हिला!"

निरुपमाबाईंनी पर्समधून मोबाइल काढला आणि काउंटरवर पालथा ठेवला.

धवलने खिळ्यावरची गिटार उतरवली. "बारा तारांची आहे, काका. कालच आली. हात लावून जुवो ने."