दहाव्याची सकाळ

सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. पैनगंगेकाठी उकंडरावांचा पिंड मांडून तास झाला, तरी कावळा शिवेना. तीस वर्षं रेडिओवरून रोज गावोगावच्या माणसांना हसवत उठवणाऱ्या निवेदकाच्या दहाव्याला श्रोत्यांनी काठ भरला होता. "कावळाबी फर्माइश मागून राह्यला काय?" कोणीतरी पुटपुटलं. नऊ चाळीस. काका उकंडरावांच्या मुलीवर, वर्षाराणीवर, खेकसले, "त्याचा जीव माईकात अडकला. म्हन, उद्यापासून मी बसन तिथं!" पिंडासमोर दिलेला शब्द मोडता येत नाही, आणि तिची नागपुरातली नोकरी सोमवारपासून होती. काका पुन्हा ओरडले, "म्हन ना! बापाले उपाशी ठेवशीन काय?" सगळ्यांच्या नजरा तिच्यावर खिळल्या होत्या. तिने हात जोडले. "बाबा, मी नाही बसणार. तुमीबी आता पहाटे चारले उठू नका. झोपा." काकांचा हात वर गेला. तोच कावळ्यानं उतरून भातात चोच घातली.