उल्काचे कपडे कोण धुतं?

उल्का पाण्याच्या टाकीवरून खाली कोसळली आणि संजीवनीच्या हातातली मेथीची जुडी हातातच राहिली.

"ऊठ की गं," ती टीव्हीला म्हणाली.

उल्का उठली. ओठावरचं रक्त पुसलं, मुखवटा सारखा केला आणि पुन्हा त्या लोखंडी राक्षसावर धावून गेली. या कार्टूनवर संजीवनीचा जीव होता तो याचसाठी. दुसऱ्या कार्टूनमधल्या पोरी जग वाचवून येतात आणि त्यांच्या केसाची बटही हलत नाही. उल्का मार खायची, चारचौघांत रडायची आणि आपलं आपण उठायची. तिला सोडवायला कुणी येत नसे. नववीतल्या पोरीला आणखी काय हवं?

आई गोणपाटावर पलीकडे बसून जुड्या बांधत होती. सकाळी माल इंदापूरच्या बाजाराला जायचा होता. पोरीसाठी म्हणून बघते, असं ती सांगायची. पण एक भाग चुकवायची नाही आणि नावं ठेवल्याशिवाय एक भाग संपू द्यायची नाही.

"राक्षस दर बारीला त्योच," ती म्हणाली. "निस्ता रंग बदलत्यात मेले."

राक्षस पडला. उल्का खिडकीतून घरात शिरली, मुखवटा दप्तरात कोंबला. तिची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आलीस बाळा? झाला का अभ्यास?" रोजचा शेवट हाच. रोज संजीवनीला तो बघून हसू यायचं. आज आलं नाही.

कारण तिचंही तसंच चाललं होतं. गणिताचा जादा तास असतो असं घरी सांगून ती शाळेतून थेट आप्पा वस्तादांच्या तालमीत जायची. कळस गावच्या पोरी आता लाल मातीत उतरत होत्या आणि त्यांच्यात ही सगळ्यांत चिवट, असं वस्ताद म्हणायचे. उद्या बारामतीला निवड कुस्ती होती. तिथं जिंकली तर पुढं जिल्हा. पण या घरात कुस्तीचं नाव काढायची सोय नव्हती. तिचे वडील सोपान आण्णा एके काळचे पैलवान. मैदानात उजवा खांदा निखळला तो कायमचाच. हात अजून छातीच्या वर जात नाही. त्या दिवशी आईनं बजावलं होतं, लाल माती पुन्हा या उंबऱ्याच्या आत नको. आण्णाही तेव्हापासून कुस्तीबद्दल चकार शब्द काढत नसत. कारखान्यावर रात्रपाळीची रखवाली करायची, सकाळी घरी यायचं, एवढंच त्यांचं.

म्हणून संजीवनी जपून असायची. सरावाचे कपडे तालमीच्या नळाखाली खळखळून घ्यायची आणि मगच घरच्या धुण्यात टाकायची. गणितानं पोरीचं डोकं शिणतं म्हणून आई अलीकडे रोज सकाळी बदामाचं दूध द्यायला लागली होती. पडवीत खलबत्ता वाजायला लागला की संजीवनी अंथरुणात लाजेनं पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायची. आपण चोर आहोत, असं तिला वाटायचं.

उद्याची थाप तिनं तयार ठेवली होती. टीव्ही बंद करून ती म्हणाली, "आई, उद्या बारामतीला विज्ञानाचं प्रदर्शन..."

"थांब जरा," आई म्हणाली. "मला एक सांग. ह्या उल्काची कापडं कोण धुतं गं?"

"आं?"

"रोज चिखलात लोळती, रगात लागतं. कापडं आईच धूत आसंल का न्हाय? आन् तिला पत्त्या न्हाय? लिवणाऱ्यानं आईला पार येडी करून ठिवलीया. बाकी समदं झ्याक हाय, हितंच चुकलंय."

"कार्टून हाय ते," संजीवनी कशीबशी म्हणाली.

"तालमीची माती तेलाताकात मुरलेली आसती, बाई. नळाखाली धरली म्हणून जाती व्हय? शिवणीत जाऊन बसती, वास मारती. तुझ्या आण्णांचे लंगोट धुण्यात माझी हयात गेली. मला शिकिवतीस?"

सगळं संपलं, असं संजीवनीला वाटलं. उद्याची कुस्तीही आणि पुढच्या सगळ्याच.

आईनं एक जुडी बांधली, बाजूला ठेवली. "आदी लई राग आला. म्हणलं, झिंज्या धरून घरी आणती. गेले व्हते तालमीवर. खिडकीतनं बघितलं. त्या दांडग्या पोरीनं तुला आपटलं. तू उठलीस. परत आपटलं. परत उठलीस. मग मी तितनंच माघारी आले."

"मग बोलली का न्हाईस?"

"म्हणलं, कदी सांगतीया बघू. तू तर ह्या उल्काच्या वर निघालीस." आई मान खाली घालून मेथी झटकू लागली. "भ्या वाटतंय मला. अजून वाटतंय. पर थांबवायचं आसतं, तर दुधात बदाम कशाला घातलं आसतं?"

संजीवनीला रडू फुटलं. उल्कासारखंच, नाक ओढत. तिनं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. मग एकदम दचकून उठली.

"आन् आण्णा? त्यास्नी कळलं तर?"

आई डोळे पुसत हसली.

"सकाळच्या पारी मला म्हशीखालनं उठायला सवड तरी आसती का? बदाम तुझं आण्णाच घोटत्यात की. डाव्या हातानं."