जेवणाआधी एक गोळी

आईच्या अल्सरच्या गोळ्यांची किंमत ऐकून औषधाच्या दुकानातच माझा चेहरा उतरला, आणि तो नेमका आईने पाहिला. मग डॉक्टरांना विचारून मी तेच औषध दुसऱ्या, स्वस्त कंपनीचं आणायला लागलो. तरी खिशाला चाट बसायचीच.

"सकाळ-संध्याकाळ, जेवणाच्या अर्धा तास आधी एक गोळी. चुकवायची नाही हं," मी आईला बजावलं.

"नाही रे बाबा. गोळी घेतल्याशिवाय घासही खाणार नाही."

संध्याकाळचा स्वयंपाक तीच करायची. आम्ही नवराबायको कामावरून यायचो, तेव्हा ओट्यावर तिचं ताट धुऊन पालथं घातलेलं असायचं. महिना उलटला तरी गोळ्या संपेनात. "बघ, स्वस्तातलं आणलं आणि पुरतंयही," अशी मी बायकोपुढे शेखीही मिरवली.

आईचं पोट मात्र दिवसेंदिवस जास्तच दुखायला लागलं. आज डॉक्टर वैतागले. "आजी, गोळ्या वेळेवर घेता ना?"

"अगदी वेळेवर. सांगितलंय तस्संच."

"मग इतक्या उरल्या कशा गं?" मी विचारलं.

आईने पर्समधून उरलेलं पाकीट काढून माझ्या हातात ठेवलं. शाबासकीची वाट बघावी तशी ती माझ्याकडे बघत होती.



"अरे, रात्रीची मी जेवतच नाही. मग गोळी कशाला वाया घालवायची?"