कानाला मोबाइल

नगरसेवक व्हायला निघालेल्या भाऊंनी सोनसाखळी शर्टाबाहेर काढली आणि मोबाइल उगाच कानाला लावला. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर सगळ्यांना हीच पोझ हवी असते. असले खोटे चेहरे टिपून टिपून मला कॅमेऱ्याचीच शिसारी आली होती.

परवा वाचनालयात एका जुन्या छायाचित्रकाराचं पुस्तक हाती लागलं. त्याने लिहिलं होतं, पोझ मोडेपर्यंत थांबा. माणूस त्यानंतर दिसतो.

मी थांबलो.

"अरे, काढ की लवकर!" भाऊ मावा थुंकून खेकसले. पुन्हा मोबाइल कानाला लावला, तर तो खरंच वाजला.

"हो साहेब. चुकलं साहेब. फ्लेक्सवर तुमचाच फोटो मोठा टाकतो साहेब." भाऊंची मान खाली गेली, पाठ वाकली.

फोन ठेवून त्यांनी कॉलर ताठ केली. "हं, काढ आता."

"काढला, भाऊ."